मदत हवी आहे : हातमागाच्या ठेक्यावरचं गाणं, ओठ जुळत नाहीत आणि पोस्टरचा लाल विटकरी येतो

तांडापेठची

नमस्कार. पोस्ट लांब आहे. अर्धवट लिहिलं तर तुम्ही तेच परत विचाराल, म्हणून सगळं एकदाच सांगून टाकते.

मी नागपूरला मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट असा : एका गाण्याचा व्हिडिओ करायचा आणि त्या अल्बमचं प्रमोशनचं सगळं साहित्य डिझाइन करायचं. कव्हर, सीडीच्या डबीचा मागचा कागद, ए-थ्री पोस्टर आणि दोन रील. (सीडी आता कोण घेतं, हे कृपया विचारू नका. आम्ही विचारून पाहिलं. सबमिशनला हवी म्हणजे हवी.)

अल्बम वर्गातल्याच चौघांचा, चार गाण्यांचा. नाव 'करवत किनार', म्हणजे करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेला लुगड्याचा काठ. माझ्या वाट्याला आलेलं गाणं ३ मिनिटं ५२ सेकंदांचं आहे. त्याला ढोलकी नाही, ड्रमही नाही. आमच्या गल्लीत एकच हातमाग अजून चालतो, त्याचाच आवाज ठेका म्हणून घेतलाय. धोटा (आडवा धागा नेणारा) सर्रकन जातो, फणी (तो धागा घट्ट ठोकणारी) आदळते खट्, आणि त्या दोन्हींच्या मधे पायाखालचं लाकूड करकरतं. ते करकरणं आम्ही मुद्दाम ठेवलं. आमच्या घरीही आबाजींचा माग आहे, पण आता त्याच्यावर गाद्या रचून ठेवतात.

आता अडचणी. गायक गल्लीतून गात चालत येतो आणि शेवटी मागाच्या खोलीत शिरतो, असा एकच सलग टेक घेतला. फोनवर. जिंबल (चालताना फोन हलू न देणारा दांडा) मित्राचा. संगणकावर मूळ गाणं त्याला लावलं की सुरुवातीला ओठ बरोबर जुळतात, दुसऱ्या कडव्यापासून मागे पडायला लागतात आणि शेवटी तर डब केलेला सिनेमा वाटतो. दुसरं, मागाच्या खोलीत शिरल्याबरोबर चित्रावर काळसर आडवे पट्टे वर सरकताना दिसतात. तिसरं, कव्हरवर कुंकवाचा लाल घेतलाय. स्क्रीनवर इतका सुंदर दिसतो, आणि प्रिंट काढली तर वीट. चौथं, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या फोटोशॉपमध्ये 'किनार' टाइप केलं की 'कनिार' उमटतं.

आणि पाचवं म्हणजे भांडण. बँडच्या चौघांना कव्हरवर चौघांचे चेहरे हवेत. मला काठ हवा, नुसता करवतीचा काठ.

सबमिशनला सोळा दिवस आहेत. जवळ सहा हजार रुपये होते, त्यातले अकराशे गेले.

तर्री कमी

ताई, ब्लूटूथ स्पीकरवर गाणं वाजवलं असशीन. तो उशिरा वाजते. वायरचा स्पीकर घे अन् परत शूट कर, झालं.

कट टू कट

तर्रीभाऊ, तसं नाही. ब्लूटूथ उशिरा वाजला तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखाच उशिरा वाजेल. शिवाय गायक ऐकणार तोच स्पीकर आणि फोनचा माइक ऐकणार तोही तोच, मग फरक राहिला कुठं? हिचा फरक वाढत चाललाय. वाढत जाणारी चूक म्हणजे कुठंतरी दोन घड्याळं वेगळ्या चालीनं चालून राहिली आहेत.

तांडापेठची, एक तपासून सांग. शूटच्या वेळी फोनमध्ये जो आवाज रेकॉर्ड झाला, तो मूळ गाण्याशी शेवटपर्यंत जुळतो का? म्हणजे आवाजाला आवाज लावून बघ, चित्राकडं बघू नको.

तांडापेठची

बघितलं. आवाज शेवटपर्यंत जुळतो! फक्त चित्र मागे पडतं. म्हणजे काय?

कट टू कट

म्हणजे फोननं फ्रेम सारख्या अंतरानं टाकलेल्या नाहीत. फोनला सेकंदाला ३० फ्रेम सांगितल्या तरी उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो मधेच २८-२९ वर येतो, परत वर जातो. त्याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. फोनवर बघताना कळत नाही, कारण प्लेअर प्रत्येक फ्रेम तिच्या वेळेवर दाखवतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर कधीकधी धरून चालतं की सगळ्या फ्रेम सारख्याच अंतरावर आहेत, आणि तिथंच घसरगुंडी सुरू होते. एप्रिलात, आपल्या गावात, उन्हात चार मिनिटं सलग शूट केल्यावर फोन तापला नसता तरच नवल.

उपाय फुकट आहे. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घे. मूळ क्लिप त्यात टाक, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ३० निवड आणि त्याच्याखालचं 'कॉन्स्टंट' दाब. क्वालिटीचा आकडा १६ ते १८ ठेव. तो आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं, हे लक्षात ठेव, पोट्टे नेमकं उलटं करतात. मग ती नवी फाइल एडिटला घे. मूळ फाइल पुसू नको.

आणि पट्टे. ते ट्यूबलाइटचे. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. तू ३० फ्रेमवर शूट केलंस, फोननं शटर (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) स्वतःच १/६० सेकंद की काय ते घेतलं असेल. ते गणित १०० शी बसत नाही, म्हणून पट्टे सरकतात. १/५० किंवा १/१०० शटरला ते दिसत नाहीत. झालेलं शूट दुरुस्त करायची सोय डाविंची रिझॉल्व्हमध्ये आहे, पण विकतच्या आवृत्तीत. तुझ्या उरलेल्या पैशात ते बसत नाही. तेवढा खोलीतला भाग परत घे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप फुकट मिळतं, त्यात शटर १/५० ला कुलूपबंद कर, फ्रेम रेट २५ कर.

तांडापेठची

पण मग सलग टेक तुटेल ना 😔 तोच तर सगळा जीव होता त्या व्हिडिओचा. आणि गल्ली ३० वर, खोली २५ वर?

कट टू कट

तुटू दे. गायक दारातून आत येतो ना? दार अंधारं असेल. त्या अंधारात काप, कोणाला कळणार नाही. गल्लीत ऊन आहे, ट्यूब नाही, त्यामुळं तो भाग ३० चाच राहू दे. टाइमलाइनही ३० ची ठेव. मग खोलीतलंही ३० वरच घे, फक्त शटर १/५० किंवा १/१००. मघाशी २५ लिहिलं ते सवयीनं, मी सगळं २५ वर करतो. तुझं अर्धं शूट आधीच ३० वर झालंय हे विसरलो. पट्ट्यांसाठी शटर महत्त्वाचं.

सदर बाजार

मधेच एक विचारतो. गाण्यात मागाचा ठेका आणि चित्रात माग चालताना दिसतो, हे दोन्ही जुळतं का? ओठ दोन फ्रेम इकडंतिकडं झाले तर खपून जातं. पण लाकूड लाकडावर आदळताना दिसलं आणि 'खट्' नंतर आलं की लगेच खटकतं.

तांडापेठची

नाही ना जुळत! ते लिहायचं राहिलंच. गाणं ८४ च्या लयीत आहे, म्हणजे मिनिटाला ८४ ठोके. आम्ही आवाज रेकॉर्ड करून संगणकावर कापून सरळ केला. माग चालवणारे काका प्रत्यक्षात कधी ७६ ला असतात, कधी ८०. धागा तुटला की थांबतात, जोडतात, तंबाखू मळतात, परत सुरू. मी त्यांना म्हटलं, कानात हेडफोन घालून गाण्याबरोबर चालवा ना. ते हसायलाच लागले. म्हणाले, "पोरी, गाणं मागाच्या मागं येते. माग कुठं गाण्याच्या मागं जाते?"

शिवाय रेकॉर्डिंगच्या दिवशी कूलरची घरघर येत होती म्हणून कूलर बंद करायला लावला. पाऊण तास. त्यांच्या बनियनचं पाणी झालं होतं. मला अजून लाज वाटते.

सदर बाजार

काका बरोबर बोलले. त्यांना त्यांच्या चालीनं विणू दे, तू क्लिपचा वेग बदल. ७८ च्या चालीची क्लिप ८४ ला न्यायची तर साधारण १०८ टक्के वेग. एवढं डोळ्याला कळत नाही. मात्र सगळी क्लिप एका वेगानं ताणू नको. चार-चार ठोक्यांचे तुकडे पाड. प्रत्येक तुकड्यात फणी आदळते ती फ्रेम शोध, तिथं खूण कर आणि खूण ठोक्यावर बसव. दोन तास जातील, पण काम जागेवर येईल. धोट्याचं स्लो मोशन हवं असेल तर तेवढं ६० फ्रेमवर वेगळं घे. त्याला ओठ नाहीत, ठोका नाही, कुठंही लावता येतं.

आणि कूलर बंद केला तो दिवस त्यांचा बुडाला, त्याचे पैसे दे. बँड चौघांचा आहे ना, वर्गणी काढा. व्हिडिओ यूट्यूबवर जाणार असेल तर चेहरा दाखवायची परवानगी मराठीत एका कागदावर लिहून, त्यांना वाचून दाखवून सही घे. शेवटच्या पाटीवर नाव टाक, आणि 'विशेष आभार' मध्ये नको. वाद्य वाजवणाऱ्याच्या यादीत टाक. ठेका त्यांचा आहे.

तर्री कमी

+१. अन् मी म्हणतो फुटाळा तलावावरून एक ड्रोन शॉट मार सुरुवातीले. मायाजवळ छोटा ड्रोन आहे. नागपूर वाटलं पाह्यजे ना व्हिडिओ.

सदर बाजार

तर्री, फुटाळ्याला लागून वायुसेना नगर आहे, मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. तिथं ड्रोन उडवशील आणि संध्याकाळी जबाब देत बसशील. तसंही विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा झोन धरतात, परवानगीशिवाय नाही. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तर पायलटचा परवाना लागत नाही, पण झोनचा नियम सुटत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशात आधी बघ.

आणि तांडापेठेतल्या गाण्यात फुटाळा कशाला?

तर्री कमी

बरं बाप्पा. राहू दे.

शाई आणि कागद

पोरी, छपाईचं मी सांगतो. गांधीबागेत एकतीस वर्षं हेच केलं.

लाल वीट होतो याचं कारण स्क्रीन उजेडानं रंग दाखवते आणि कागद शाईनं. तू आरजीबीमध्ये (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा) डिझाइन केलंस, मशीननं स्वतःच्या अकलेनं सीएमवायके (छपाईच्या चार शाया) करून घेतलं. फाइल आधीच सीएमवायकेमध्ये घे आणि लाल हातानं बांध : मॅजेंटा १००, पिवळा ९० ते १००, निळा शून्य, काळा शून्य. जास्त गहिरा हवा असेल तर काळा ५-१० टाक, पण निळा टाकू नको. वीट होते ती निळ्यानं. एक गोष्ट मनाची तयारी करून ठेव, स्क्रीनवरचा तो चमकता लाल कागदावर येणारच नाही. निऑन भगवा, पोपटी, विजेचा निळा, यांचंही तेच. म्हणून आधी कागदावरचा लाल ठरव आणि मग त्याच्या जवळचा स्क्रीनसाठी घे. सगळी पोरं उलट्या दिशेनं जातात आणि मग प्रेसवाल्याशी भांडतात.

मापं लिहून घे. पुढचं कव्हर १२० बाय १२० मिलिमीटर. डबीचा मागचा कागद १५१ बाय ११८, त्यात डावी-उजवीकडं साडेसहा-साडेसहाच्या दोन पट्ट्या दुमडतात, अल्बमचं नाव तिथं उभं येतं. दोन्हींना चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची छपाई. रिझोल्यूशन ३०० डीपीआय. ऑफसेटच्या (प्लेट बनवून छापायच्या) नादी लागू नको, पन्नास प्रतींना ते परवडत नाही. डिजिटलवर बारा-अठराच्या (१२ बाय १८ इंच) शीटवर घे. एका शीटवर सहा कव्हर बसतात आणि मागचे कागद चार. पन्नास सीडींना कव्हरच्या नऊ आणि मागच्या तेरा, अशा बावीस शीट. ए-थ्री पोस्टर ब्लीडसकट बारा-अठरात जेमतेम बसतं, इंचभर जागा फक्त लांबीत उरते. प्रेसवाल्याला आधी विचार की त्याचं मशीन शीटच्या किती कडेपर्यंत छापतं, नाहीतर रुंदीत पांढरी रेघ येईल.

करवतीचे दात बारीक आहेत का? पाव पॉइंटपेक्षा बारीक रेघ ठेवू नको. आणि लालावर पांढरी बारीक अक्षरं असतील तर जाड वजनाचा फॉन्ट घे, पातळ अक्षरांत शाई भरते.

'कनिार' चं : प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली साउथ एशियनचा पर्याय असतो, तो निवड आणि फोटोशॉप बंद करून परत उघड. मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी लेआउट. वेलांटी जागेवर येईल, जोडाक्षरंही येतील. प्रेसला देताना अक्षरं कर्व्ह करून दे, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, फॉन्ट लागत नाही. आमच्याकडं तुझा फॉन्ट नसतो, तुझ्याकडं आमचा नसतो, आणि मधल्यामधे वेलांटी मरते.

तांडापेठची

काका, खूप खूप धन्यवाद. वेलांटी जागेवर आली!! लॅबमध्ये ओरडलेच मी. फॉन्ट कुठला घेऊ? पैसे न देता वापरता येईल असा.

शाई आणि कागद

'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्त' आणि 'मोदक' गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, परवाना खुला आहे, छापायला अडचण नाही. 'मोदक' फुगीर आहे, तुझ्या विषयाला शोभणार नाही. नाव 'मुक्त' च्या सर्वांत जाड वजनात घे. 'यात्रा वन' पण बघ, रंगवलेल्या पाट्यांसारखं वळण आहे. आणि खरं सांगू का, आबाजींना लिहिता येत असेल तर त्यांच्या हातून ब्रशनं लिहून घे. स्कॅन कर. काम संपलं.

कट टू कट

चेहरे की काठ, त्यावर कोणीच बोललं नाही. माझं मत काठाला. ऑनलाइन टाकताना कव्हर चौरस द्यावं लागतं, ३००० बाय ३००० पिक्सेल दे. पण ऐकणारा ते बघतो कुठं? फोनवर, अंगठ्याच्या नखाएवढं. त्यात चार चेहरे म्हणजे चार ठिपके. दोन्ही कव्हरं तेवढी लहान करून चौघांना दाखव, भांडण तिथंच मिटेल. चेहरे पोस्टरवर घ्या, तिथं जागा आहे. ऑनलाइनच्या कव्हरवर फोन नंबर, इन्स्टाचं नाव, क्यूआर कोड असलं काही टाकू नको, परत पाठवतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडं गाणं पाठवायचं असेल तर रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. त्या हिशेबानं तारीख धरा.

एक शंका. गाण्यात मागाशिवाय अजून काय आहे? बेस कोणी वाजवला?

तांडापेठची

बेस... यूट्यूबवरून घेतलाय. खाली 'फ्री' लिहिलं होतं.

कट टू कट

मला वाटलंच. तिथं 'फ्री' चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की ऐकायला फ्री, किंवा पैसे कमवायचे नसतील तर फ्री. स्पॉटिफायवर टाकलंत की ते पैसे कमावणंच झालं. तोच बेस अजून दोनशे जणांनी घेतला असेल, त्यातल्या एकानं जरी कंटेंट आयडीला (यूट्यूबची आवाजाची मालकी ओळखणारी यंत्रणा) नोंदवला असेल तर दावा तुमच्या व्हिडिओवर येईल. चार सुरांचा बेस आहे ना? वर्गात कोणाकडं तरी गिटार असेलच. परत वाजवा, पण तीच धून उचलू नका, नवी बांधा. अल्बममधला सगळ्यात भारी आवाज तुमचा स्वतःचा आहे, आणि क्लेम येणार बेसवर. हे काही बरोबर नाही.

तांडापेठची

नऊ दिवसांनी परत आले. काय काय झालं ते सांगते.

हँडब्रेकनं ओठ जुळले, शेवटच्या ओळीपर्यंत. खोलीतलं शूट १/५० वर परत घेतलं, पट्टे गेले. दाराच्या अंधारात कापलं, सरांना कळलंच नाही. (वर्गातल्या एकीला कळलं, पण ती बोलणार नाही.) बेस नवा वाजवला, जुन्यापेक्षा साधा आहे आणि त्यामुळं करकरणं जास्त ऐकू येतं. कव्हरं नखाएवढी करून दाखवली, तिघं काठाला आले, चौथा रुसलाय. काकांना दोन दिवसांचे पैसे दिले. घेत नव्हते, काकूंनी घेतले.

नाव आबाजींनी लिहून दिलं. हात कापतो त्यांचा, 'र' ची शेपटी जरा लांब गेली. तशीच ठेवली.

काल प्रूफ काढलं. लाल, लाल आला. शाईकाका, तुमचा आकडा होता तसा घेतला, काळा ५. ते प्रूफ घेऊन मी सरळ मागाच्या खोलीत गेले, म्हटलं मागवाल्या काकांना आधी दाखवू. त्यांनी चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला. बराच वेळ बघितला. मग माग थांबवून विणलेल्या लुगड्याचा काठ माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "तू काठ उलटा लावला."

करवतीचे दात लुगड्याच्या अंगाकडं असतात, आत. मी कव्हरच्या खालच्या कडेला पट्टी लावताना डिझाइन नीट बसावं म्हणून ती फिरवली होती, त्यामुळं दात बाहेर, कागदाच्या कडेकडं आलेत. इतके दिवस मी, बँडचे चौघं, सर, लॅबमधले, सगळ्यांनी ते कव्हर बघितलं. आबाजींनीसुद्धा बघितलं होतं, पण त्यांना आता बारीक दिसत नाही.

शाईकाका, तुम्ही ओळखीच्या प्रेसचं नाव मेसेजमध्ये दिलं होतं, तिथं मी आज सकाळी फाइल पाठवून बसले आणि आता तिथं कोणी फोन उचलत नाहीये. तुमचा त्यांच्याशी संपर्क होत असेल तर प्लीज सांगा की बावीस शीट लावू नका. नवी फाइल रात्री आठपर्यंत देते.

शाई आणि कागद

दुपारी दोन ते चार ते जेवतात आणि झोपतात, म्हणून उचलत नाहीत. मशीन पाचला सुरू होतं. मी जातोच आहे तिकडं, थांबवून ठेवतो. पोस्टरवरची आणि मागच्या कागदावरची पट्टीपण फिरव, तिथंही तोच काठ आहे.